सायरन चालू होता, सिग्नल लाल होता

प्रश्न : वकीलसाहेब, मी साताऱ्यातल्या एका खासगी रुग्णालयाच्या रुग्णवाहिकेवर सात वर्षं ड्रायव्हर आहे. गेल्या आठवड्यात हार्ट अटॅकचा पेशंट पुण्याला नेत होतो. कात्रज ओलांडल्यावर एका चौकात सिग्नल लाल होता. सायरन, दिवा दोन्ही चालू. डावीकडची बस थांबली म्हणून मी गाडी काढली, तर बसच्या आडून दुचाकी आली आणि धडक झाली. मुलाचा पाय मोडला. मी ११२ ला फोन केला, लोकांनी त्याला रिक्षातून दवाखान्यात नेलं. माझा पेशंट अत्यवस्थ होता, म्हणून आधी त्याला पोचवलं आणि तासाभरात पोलीस ठाण्यात हजर झालो. गुन्हा माझ्यावरच दाखल झाला. रुग्णालय म्हणतं, दुरुस्तीचे पैसे पगारातून कापू, आणि ‘सिग्नल मी माझ्या मर्जीने तोडला’ असं लिहून दे. सहकारी म्हणतात, कबूल कर, दंड भर, मोकळा हो. सायरन चालू असताना गुन्हा कसा होतो?

उत्तर : तुमच्या पत्रातली एक गोष्ट आधी सांगतो, कारण तिच्यावर पुढचं बरंच अवलंबून आहे. तुम्ही पळून गेला नाहीत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे चालकाने जखमीला उपचार मिळावेत यासाठी शक्य ते करायचं असतं आणि लवकरात लवकर, फार तर २४ तासांत, पोलिसांना कळवायचं असतं. ११२ चा कॉल तुमच्या फोनमध्ये आहे, ठाण्यात हजर झाल्याची वेळ नोंदलेली आहे. त्या कॉल लॉगचा स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा.

आता सायरनचा प्रश्न. मोटार वाहन चालन विनियम, २०१७ मध्ये अग्निशमन दलाची गाडी, रुग्णवाहिका आणि पोलिसांची गाडी यांना खास सवलत आहे. जीव वाचवण्यासारखी खरी निकड असेल आणि सायरन व दिवा चालू असेल, तर लाल सिग्नल ओलांडता येतो, वेगमर्यादा ओलांडता येते, प्रसंगी उलट्या दिशेनेही जाता येतं. म्हणून निव्वळ सिग्नल तोडला एवढ्यावरून तुम्ही दोषी ठरत नाही. पण ही सवलत पुरेशी काळजी घेऊन वापरायची, असं तोच नियम सांगतो. इतरांनी वाट द्यायचीच असते. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९४-ई खाली वाट न देणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड होऊ शकतो. तरीही समोरच्याने वाट दिली आहे की नाही, हे पाहण्याचं काम तुमच्याकडेच राहतं.

एफआयआरमध्ये ‘हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगात’ हे शब्द असतीलच, ते जवळपास प्रत्येक अपघातात असतात. भारतीय न्याय संहितेचं हयगयीने गाडी चालवण्याचं कलम २८१ आणि गंभीर दुखापतीचं १२५(ब) लागलं असणार. पहिल्यात सहा महिन्यांपर्यंत, दुसऱ्यात तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. दोन्ही जामीनपात्र आहेत, त्यामुळे अटकेच्या धास्तीने झोप उडवू नका. खटला एकाच प्रश्नाभोवती फिरेल : चौकात शिरताना तुम्ही वेग किती कमी केला होता?

हे मला स्पष्ट बोलायला हवं. थांबलेली बस ही मोकळी वाट नव्हे. बस तुमच्यासाठी थांबली होती, पण तिच्या पलीकडच्या दुचाकीवाल्याला तुम्ही दिसतच नव्हता, आणि हेल्मेट, हॉर्न, इंजिन यांच्या गोंगाटात सायरन कुठल्या बाजूने येतोय हे कळत नाही. लाल सिग्नलला गाडी जवळजवळ थांबवायची, सायरनचा सूर बदलायचा, एक लेन पाहायची, ती थांबली की पुढे सरकून दुसरी पाहायची. मागून नातेवाईक ‘दामटा, दामटा’ म्हणतात तेव्हा हे किती अवघड जातं याची मला कल्पना आहे. पण तुम्ही असं केलं असेल, तर तोच तुमचा बचाव आहे. मोठं नुकसान टाळण्यासाठी केलेल्या कृत्याला संहितेच्या कलम १९ चं संरक्षण आहे. मात्र ते सद्भावनेने केलेलं हवं, आणि पुरेशी काळजी न घेता केलेल्या गोष्टीला कायदा सद्भावना म्हणत नाही.

म्हणून पुरावा. चौकातलं सीसीटीव्ही चित्रण काही दिवसांनी पुसलं जातं. ते जपून ठेवावं असा लेखी अर्ज तपास अधिकाऱ्याला द्या आणि पोच घ्या. नंतर न्यायालयामार्फतही ते मागवता येईल, पण ते शिल्लक तर असलं पाहिजे. रुग्णालयाचं रेफर पत्र, ट्रिप रजिस्टर, पुण्यात भरती झाल्याची वेळ, सोबतच्या ब्रदरचा जबाब, गाडीचा जीपीएस, सगळं गोळा करा. जीपीएसमध्ये वेग जास्त दिसला तर तो तुमच्या विरोधात जाईल. तरीही त्याला हात लावू नका. पुरावा पुसणं हा वेगळा गुन्हा आहे. आरटीओच्या तपासणीत ब्रेकसोबत सायरन आणि दिवाही चालू स्थितीत असल्याची नोंद झाली का, ते विचारून घ्या.

‘माझ्या मर्जीने तोडला’ यावर सही करू नका. त्या एका ओळीने पेशंटची निकड बाजूला पडते आणि सगळा भार तुमच्या डोक्यावर येतो. घडलं ते तारीख-वेळेसह स्वतःच्या शब्दांत लिहून द्या, प्रत ठेवा. नुकसानीपोटी पगारातून रक्कम कापायची तर तुमची चूक दाखवून, आधी तुमचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. परस्पर कापता येत नाही.

त्या मुलाची भरपाई मोटार अपघात दावा न्यायाधिकरण ठरवेल. विमा चालू असेल तर ती मुख्यतः विमा कंपनी देते. तुम्हालाही नोटीस येईल, तेव्हा गैरहजर राहू नका. तुमच्या लायसन्सवर ट्रान्सपोर्टची नोंद नाही असा मुद्दा कंपनीने काढला, तर सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये तो निकालात काढला आहे. एकूण वजन साडेसात हजार किलोपर्यंतची वाहतुकीची गाडी साध्या एलएमव्ही म्हणजे हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येते.

गुन्हा कबूल करण्याचा सल्ला मात्र ऐकू नका. दंड छोटा असेल, पण शिक्षेची नोंद नोकरीत आडवी येते आणि ती कबुली भरपाईच्या दाव्यातही तुमच्याविरुद्ध वापरली जाते. मुलाच्या घरच्यांशी समेट झाला तर १२५(ब) न्यायालयाच्या परवानगीने मिटू शकतं. २८१ तसं मिटत नाही, त्यासाठी त्यांच्या संमतीने उच्च न्यायालयात गुन्हा रद्द करण्याचा अर्ज करावा लागतो.

त्याला भेटायला जरूर जा. विचारपूस करा, घरच्यांशी बोला. कोऱ्या कागदावर कुणाची सही घेऊ नका, आपलीही देऊ नका. आणि वकील गाठण्याआधी तो सीसीटीव्हीचा अर्ज देऊन या.