परभणी : मांजरीचं पिल्लू झोकांड्या खात चालतं, एमआरआय करावा का?

लगेच नको. दोन महिन्यांचं पिल्लू चालायला लागल्यापासूनच डुगडुगतंय, वाटीत तोंड घालताना डोकं थरथरतं, पण खाणं-खेळणं झकास, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे बहुधा लहान मेंदूची (तोल सांभाळणाऱ्या मेंदूच्या मागच्या भागाची) वाढ खुंटलीय. गाभणपणी आईला पॅनल्युकोपेनिया या मांजरांच्या साथरोगाचा विषाणू लागला की असं होतं. हे पुढं वाढत नाही. एमआरआयमध्ये तो आक्रसलेला भाग स्पष्ट दिसतो (सीटीत कवटीच्या जाड हाडामुळं धूसर येतो), पण पूर्ण भूल द्यावी लागते, आणि एवढं करून यावर औषध नाहीच. डोक्यावरची टाळू अजून भरलेली नसेल तर मेंदूत पाणी साठलंय का, हे सोनोग्राफीतही कळतं. आधी परभणीच्याच पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखवा. झटके आले किंवा तोल दिवसेंदिवस बिघडला, तर मात्र एमआरआयसाठी खुशाल मुंबई गाठा.