भात बंद केला तरी जेवणानंतरची शुगर उतरत का नाही?

तुमच्या बाबांची उपाशीपोटीची 118 येतेय, जेवणानंतरची मात्र 230, भात पूर्ण बंद केलाय, मधुमेहाची गोळी मेटफॉर्मिन-ग्लिमेपिराइड अशी एकत्र आहे आणि संकष्टी-एकादशी काही सोडत नाहीत. बरोबर ना? मी डॉक्टर नाहीये, पण या शुगरसोबत माझी बरीच वर्षं गेलीत.

पहिलं म्हणजे भात बंद केला तर त्याच्या जागी ताटात काय आलं ते बघा. आपल्याकडे बऱ्याच घरात एक भाकरी जास्त येते, "ज्वारीचीच आहे, काही होत नाही" म्हणून. ज्वारी चांगलीच आहे हो, पण अडीच-तीन भाकऱ्या म्हणजे शेवटी पीठच पोटात जातंय. साखरेच्या जागी गूळ घालण्याचंही तेच, रक्ताला दोन्ही सारखंच. त्यापेक्षा घरी शुगर तपासायचं मशीन (ग्लुकोमीटर) वापरा. एकदा नेहमीचं जेवण जेवू द्या आणि पहिला घास घेतल्यापासून (जेवण संपल्यापासून नाही, इथे बरेच जण चुकतात) दोन तासांनी तपासा. दुसऱ्या दिवशी तेच जेवण पण भाकरी एक, मटकीची उसळ वाटीभर जास्त, सुरुवातीला काकडी नाहीतर कोबीची कोशिंबीर, आणि परत दोन तासांनी तपासा. साधारण 180 च्या खाली आणायचं असतं, तरी बाबांचा आकडा त्यांच्या डॉक्टरांनाच विचारा. असं केलं तर थोडा भातसुद्धा परत ताटात येऊ शकतो, उगाच माणसाला वरण-भाताला तरसवायचं कशाला? एचबीएवनसी ही रक्ततपासणी तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा अंदाज देते, पण कुठल्या जेवणाने घात केला ते तिच्यातून कळत नाही.

हो, आणि तपासण्याआधी हात साबणाने धुवून कोरडे करायचे. आंबा कापलेल्या बोटावर टोचलं तर मशीन भलताच आकडा दाखवते आणि घरात रडारड.

जेवून लगेच आडवं व्हायचं नाही. शतपावली म्हणतात तिची पावलं शंभरावर थांबवू नका, दहा-पंधरा मिनिटं चाला, पाऊस असेल तर घरातल्या घरात. चालताना स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, म्हणून सकाळी एकदाच तासभर चालून दिवसभर खुर्चीत बसण्यापेक्षा याचा जेवणानंतरच्या आकड्याला जास्त फायदा होतो. चहा दिवसातून किती वेळा आणि प्रत्येक कपात किती चमचे, हे पण एकदा मोजाच.

आता उपवास. मला खरी काळजी याचीच वाटते. एकादशीला साबुदाण्याची खिचडी, वर बटाटा, म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च, शुगर वर जाणारच. संकष्टीला उलटं, सकाळी गोळी घेतली आणि चंद्रोदयापर्यंत काही नाही, तो होणार रात्री नऊच्या आसपास. ग्लिमेपिराइड पोटात अन्न नसलं तरी शुगर खाली ओढत राहते. हात थरथरणं, घाम, विनाकारण चिडचिड, डोकं हलकं वाटणं, असं काही झालं तर लगेच तपासा, 70 च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात ढवळून द्या, पंधरा मिनिटांनी परत तपासा, अजून कमीच असेल तर परत द्या. पेढा किंवा चॉकलेट नको, त्यातल्या फॅटमुळे साखर उशिरा चढते. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नका, सरळ हॉस्पिटल गाठा. उपवासाच्या दिवशी गोळीचं काय करायचं हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा, मनाने बंद करू नका. बाबांना "उपवास सोडा" म्हणून काही उपयोग नाही, तेच डॉक्टरांनी सांगितलं तर कदाचित ऐकतील.

कारल्याचा रस, मेथीदाणे घ्यायचे तर घेऊ देत, पण गोळीच्या ऐवजी नाही.

रात्री झोपताना तळपाय बघायची सवय लावा, वाकता येत नसेल तर खाली आरसा ठेवून. शुगरमुळे पायाची संवेदना कमी झाली की खडा टोचलेला कळत नाही. उन्हाळ्यात देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी नको. मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालली की व्हिटॅमिन बी-12 कमी होऊ शकतं, पायाला मुंग्या येत असतील तर तेही तपासून घ्या. वर्षातून एकदा क्रिएटिनिन, लघवीतलं अल्ब्युमिन (या दोन्ही किडनीसाठी) आणि डोळ्याच्या पडद्याची तपासणी. त्या दिवशी डोळ्यात थेंब टाकतात, काही तास नीट दिसत नाही, तेव्हा बाबांना एकटं स्कूटरवर पाठवू नका, कोणीतरी सोबत जा.