कोरड्यावर ३, ओल्यावर ०

प्रश्न : बाई, माझी मुलगी नोकरीसाठी सिमल्यात असते. मी लालबागला बसून रोज तिथलं हवामान बघतो. गेल्या जानेवारीत मोबाइलवर २ अंश आणि बर्फाचं चित्र होतं, म्हणून आम्ही दोघं नवरा-बायको रात्री व्हिडिओ कॉल लावून बसलो. पडला नुसता पाऊस, आणि बर्फ गेला कुफ्रीला. पुढच्याच आठवड्यात संध्याकाळी ३ अंश होते आणि सकाळी तिच्या गच्चीवर वीतभर बर्फ! हे कसं? इथून आधी काही ओळखता येईल का?
– एक वाचक, लालबाग

उत्तर : तुमचे २ आणि ३ हे आकडे वाचून मला सिमल्यापुढच्या नारकंड्याची रात्र आठवली. निवृत्तीनंतरच्या पहिल्या हिवाळ्यात मी बहिणीबरोबर तिथे गेले होते. संध्याकाळी व्हरांड्यातल्या तापमापकात ३ अंश होते. म्हटलं, शून्याच्या वर आहे, आला तर पाऊसच येणार. झोपले. सकाळी दार उघडलं तर पायरी दिसेना. जन्मात पहिल्यांदा बर्फ पडताना बघायचा होता, आणि तो पडत असताना मी रजईत होते. आजही त्याची हळहळ वाटते.

त्या दिवशी मी एक साधी गोष्ट केली, जी शाळेत वर्षानुवर्षं मुलांकडून करून घेतली होती. दुसऱ्या तापमापकाच्या फुग्याला मलमलच्या रुमालाची पट्टी दोऱ्याने बांधली आणि तिचं टोक पाण्याने भरलेल्या बाटलीच्या झाकणात सोडलं. दोन्ही तापमापक शेजारी शेजारी टांगले. संध्याकाळी कोरड्यावर ३ होते आणि ओल्यावर ०. सगळं गमक या फरकात आहे.

हवा कोरडी असेल तर पडणारे थेंब आणि हिमकण वाटेत थोडे थोडे सुकतात. सुकायला लागणारी उष्णता ते हवेतूनच घेतात, म्हणून हवा गार होत जाते, साधारण ओल्या तापमापकाच्या आकड्यापर्यंत. माठातलं पाणी गार होतं तसंच. तुमच्या मुलीकडे ३ अंशांना हवा कोरडी असणार, त्यामुळे ती उतरून शून्याशी आली. आदल्या आठवड्यात २ अंशांना हवा आधीच ओलीचिंब असेल, तर ओल्यावरही २ असणार. तिला आणखी खाली उतरायला जागाच नव्हती. ओला आकडा १ च्या खाली असेल तर बर्फाची आशा धरा, २ च्या वर असेल तर खुशाल झोपा.

नारकंड्याला त्या दुसऱ्या रात्री नऊच्या सुमारास पत्र्यावर टपटप सुरू झाली. कोरडा तापमापक ३ वरून २ वर आला, मग १ वर. आणि पत्र्याचा आवाज थांबला. मला वाटलं, पाऊस गेला. बॅटरी घेऊन बाहेर हात काढला तर स्वेटरच्या बाहीवर थेंब पडत होते, पण प्रत्येक थेंबाच्या पोटात एक पांढरा कण. तो डोळ्यांदेखत विरघळायचा. दहा मिनिटांनी कण विरघळेनासे झाले, आणि काळ्या लोकरीवर सहा पाकळ्यांचं एक चांदणं अख्खं उतरलं. मी बहिणीला हाक मारली, पण घशातून आवाज फुटेना.

आता कुफ्रीचं. सिमला सुमारे २,२०० मीटरवर आहे, कुफ्री साधारण २,७००. हजार मीटर वर गेलं की तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणजे या दोघांत तीनेक अंशांचा फरक. इथे ‘सिमला’ म्हणून एकच आकडा बघण्यात अर्थ नाही. काही हवामान संकेतस्थळांवर शून्य अंशाची उंची, म्हणजे तापमान जिथे शून्यावर येतं ती रेषा, दिलेली असते, ती बघा. बर्फ त्या उंचीखाली आणखी दोन-तीनशे मीटर टिकतो. शून्याची रेषा २,४०० वर असेल तर मुलीला फोन करा. ३,००० वर असेल तर कुफ्रीसुद्धा भिजेल.

वेळही महत्त्वाची. हा बर्फ आणतो पश्चिमी झंझावात, म्हणजेच वेस्टर्न डिस्टर्बन्स. तो भूमध्य समुद्राकडून इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान असा पूर्वेला सरकत येतो. त्याच्या पुढे दक्षिणेची उबदार, दमट हवा असते आणि मागे थंड हवा. म्हणून सिमल्यासारख्या मधल्या उंचीवर पुष्कळदा आधी पाऊस पडतो आणि शेवटी शेवटी बर्फ. शिवाय सर जोराची आली की वरून येणारा बर्फ वितळताना हवेतली उष्णता खेचून घेतो, आणि शून्याची रेषा खाली येते. पहिल्या तासाला पाऊस दिसला म्हणून कॉल बंद करू नका.

लालबागहून तुम्ही इन्सॅटची उपग्रहचित्रं बघा. दर अर्ध्या तासाला नवं येतं. झंझावाताचा ढग पाकिस्तानवर असतानाच तो ओळखू येतो. तो गेल्यावर डोंगरांवर जे पांढरं सरकत नाही, तो पडलेला बर्फ. तुमच्या मुलीलाही दोन तापमापक आणि मलमल पाठवा. रोज संध्याकाळी तिने दोन आकडे कळवायचे आणि तुम्ही वहीत लिहायचे. शेजारी मुंबईचं पहाटेचं तापमान लिहा. झंझावात पुढे सरकला की उत्तरेचे वारे मोकळे होतात, आणि बऱ्याचदा एक-दोन दिवसांनी बोरिवलीत माझ्या गॅलरीतला पारा उतरतो. सांताक्रूझला जानेवारी १९६२ मध्ये ७.४ अंशांची नोंद आहे. समुद्राने वेढलेल्या कुलाब्याला त्याच थंडीत ११.७ होते. प्रत्येक झंझावातानंतर आपल्याकडे थंडी येत नाही. २०२१ मध्ये डिसेंबरच्या पहिल्याच दिवशी मुंबईत पाऊस कोसळला, त्यातही असाच एक झंझावात होता.

प्रश्न : महाबळेश्वरला वेण्णा लेकजवळ बर्फ पडल्याचे फोटो येतात. मग मुंबईत का नाही?
– इयत्ता आठवीतली विद्यार्थिनी, ठाणे

उत्तर : वेण्णा लेकवर बर्फ पडत नाही, गोठतो. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमीन, गवत, स्ट्रॉबेरीची पानं आपली उष्णता आकाशाकडे सोडतात आणि भोवतालच्या हवेहूनही गार होतात. हवेत तीन-चार अंश असले तरी पानावर शून्य येतं आणि दव गोठतं. ते पान उलटून बघ, खालची बाजू बहुधा कोरडी असते.

मुंबईवर मात्र बर्फ खरोखर पडतो, आणि तोही जुलैत! पावसाळ्यात शून्य अंशाची रेषा आपल्या डोक्यावर पाचेक किलोमीटरवर असते. उंच ढगांतून तासन्‌तास रिपरिप लागते तेव्हा त्या पाण्याचा बराचसा भाग वर हिमकण म्हणून जन्मलेला असतो. रेषेखाली आला की तो वितळतो. वितळते कण रडारला जास्त ठळक दिसतात, म्हणून ढगाच्या उभ्या छेदात त्या उंचीवर एक उजळ पट्टा उमटतो. पुढच्या जुलैत अशी रिपरिप लागली की खिडकीतून हात बाहेर काढ.