बोन सिमेंट : चिकटवतात की भरतात?

प्रश्न असा आहे : खुब्याच्या अर्धसांधारोपणाची (सांध्यातला फक्त गोळा बदलायच्या ऑपरेशनची) माहितीपत्रिका मराठीत करताना ‘बोन सिमेंट’ला अस्थिसिमेंट म्हणावं की हाडाचं सिमेंट? आणि ‘कृत्रिम बॉल सिमेंटने हाडाला चिकटवतात व ते वाळू देतात’ हे वाक्य बरोबर आहे का?

नावाचं आधी उरकतो. हाडांचं खत हाडांपासून बनतं, तेव्हा ‘हाडाचं सिमेंट’ वाचून शाकाहारी आजी बिचकतील. ‘अस्थी’ म्हटलं की नदीच आठवते. डॉक्टरांच्या पाटीवर तो शब्द खपतो, ऑपरेशनच्या आदल्या रात्री वाचायच्या कागदावर नको. बोन सिमेंटच ठेवा, सगळे तेच म्हणतात.

घोटाळा क्रियापदांत आहे. हे सिमेंट म्हणजे पॉलिमिथिल मेथॅक्रिलेट, दातांच्या कवळ्यांत आधीपासून वापरात असलेलं अॅक्रिलिक. इंग्लंडमधले सर्जन जॉन चार्नली यांनी १९५८च्या सुमारास ते खुब्यासाठी वापरायला घेतलं. हा गोंद नव्हे, पोकळी भरणारा माल आहे, हे ते आवर्जून सांगत. १९६०च्या त्यांच्या लेखाच्या मथळ्यातही ‘अँकरेज’ म्हणजे रोवून पक्कं करणं आहे, चिकटवणं नाही. हाडाच्या आतला जाळीदार भाग धुऊन मोकळा केला, की दाबाने भरलेलं सिमेंट त्या छिद्रांत शिरतं आणि तिथेच घट्ट होऊन अडकतं. गवंडी दगडांच्या दरजा भरतो, त्यातला ‘भरणे’ इथे चपखल बसतो.

पूर्वी सिमेंटचा गोळा बोटांनीच मांडीच्या हाडात कोंबत. आता खाली आधी बूच बसवतात, नाहीतर माल पोकळीत खोल उतरतो आणि दाब धरत नाही. मग सिमेंट गनने तळापासून वर भरत येतात. सिमेंटची भुकटी आणि तिच्यात घालायचा द्रव निर्वातात कालवले तर हवेचे बुडबुडे कमी राहतात. हो, ‘कालवणे’च लिहा, ‘मिश्रण तयार करणे’ म्हणजे सरकारी पत्रक.

‘वाळणे’ तर साफ चूक. यात पाणी नसतंच, मग वाळणार काय? रासायनिक क्रियेने ते तापतं आणि साधारण दहा-पंधरा मिनिटांत घट्ट होतं. खोली उबदार असेल तर आणखी लवकर.

‘अर्धसांधारोपण’ला कंसात ‘अर्धा खुबा बदलणे’ जोडू नका. शाळेतला उखळीचा सांधा आठवा : बदलतो तो फक्त गोळा, उखळ रुग्णाची स्वतःचीच राहते.

म्हणून वाक्य असं करा : ‘मांडीच्या हाडाच्या पोकळीत बोन सिमेंट दाबून भरतात आणि ते घट्ट होण्याआधी कृत्रिम बॉलचा दांडा त्यात बसवतात.’ त्याखाली ‘या वेळी काही रुग्णांचा रक्तदाब अचानक उतरू शकतो, म्हणून भूलतज्ज्ञ विशेष लक्ष ठेवतात’ हेही साध्या शब्दांत येऊ द्या. संमतीची सही त्याच कागदावर व्हायची आहे.