‘बेड्स आर बर्निंग’ या गाण्यात नेमकं काय परत द्यायला सांगितलंय?

जमीन. मिडनाइट ऑइल या ऑस्ट्रेलियन रॉक बँडचं १९८७ चं हे गाणं आदिवासींची जमीन त्यांना परत करा, असं गोऱ्या ऑस्ट्रेलियाला थेट सांगतं. ‘बेड’ या शब्दामुळे अनेकांना ते प्रेमगीत वाटतं, पण कडव्यांकडे कान द्या: मोडून पडलेल्या होल्डन गाड्या, वाळवंटातली झाडं, ४५ अंशांचं ऊन, आणि किंटोर व युएंडुमू ही खरीखुरी गावं. पश्चिमेच्या वाळवंटातल्या पिंटुपी या आदिवासी लोकांना सरकारने पापुन्यासारख्या वसाहतींत आणून ठेवलं होतं. १९८१ च्या सुमारास त्यांच्यातले बरेचजण आपल्या मुलखात परतले आणि किंटोर वसलं. १९८६ मध्ये मिडनाइट ऑइल ‘वारुम्पी बँड’ या आदिवासी रॉक बँडसोबत या दुर्गम वस्त्यांमधून फिरला. ‘डीझेल अँड डस्ट’ हा अल्बम त्या प्रवासातून आला, आणि गाण्यात तिथली धूळ जाणवते ती म्हणूनच. बिछाने पेटलेले असताना झोप कशी लागेल, हा ध्रुवपदातला सवाल मला आजही अस्वस्थ करतो.

एक गल्लत मात्र टाळा. २००० च्या सिडनी ऑलिंपिकच्या समारोपात बँडने हेच गाणं ‘सॉरी’ लिहिलेले काळे कपडे घालून गायलं. ती माफीची मागणी मुख्यतः आईबापांपासून हिरावून नेलेल्या आदिवासी मुलांसाठी होती. संसदेने ती माफी २००८ मध्ये मागितली. गाण्याचा मूळ विषय मात्र जमिनीचाच आहे.