पेटी खरंच वाहून गेली का?

प्रश्न : मी कोथरूडला राहते, बँकेतून निवृत्त झाले. पानशेतच्या पुरावर कादंबरी लिहायची फार वर्षांची इच्छा आहे. शनिवार पेठेतला वाडा, दोन जावा. पुरानंतर धाकटी सांगते की थोरलीच्या दागिन्यांची पेटी वाहून गेली, आणि घर फुटतं. टिपणांच्या वह्या भरल्या, पण पहिल्या प्रकरणापुढे गाडी सरकत नाही. तेच पुन्हा पुन्हा लिहिते. आधी एखादी कार्यशाळा करू का? आणि प्रकाशकाला कल्पना सांगितली तर कुणी ढापणार नाही ना?

उत्तर : वह्या आता कपाटात ठेवा. सोबत पाठवलेलं प्रकरण वाचलं. पानशेतच्या बांधावर रात्रभर वाळूची पोती रचणारे जवान, १२ जुलै १९६१ ची सकाळ, पानशेतपाठोपाठ फुटलेलं खडकवासला धरण, सगळं बरोबर आहे. जावा मात्र कुठेच नाहीत! पूर येणार हे पुण्यातल्या वाचकाला ठाऊकच असतं, त्यासाठी त्याला ताटकळत ठेवण्यात राम नाही. पेटी खरंच वाहून गेली का, हे त्याला ठाऊक नसतं. तुम्हाला तरी ठाऊक आहे का? पत्रात तुम्ही ते शिताफीने टाळलंय. आधी ते ठरवा.

माझं ऐकाल तर पाणी ओसरल्यावर सुरुवात करा. खडकवासला फुटल्यामुळे शहराचे नळच कोरडे पडले. घरात चिखल, आणि तो धुवायला पाणी नाही. लोक वाड्यांतल्या जुन्या विहिरींकडे वळले. तिथल्या रांगेत दोघींना उभं करा. थोरली कळशी भरता भरता धाकटीच्या हातांकडे बघते. धाकटी पदर मनगटावर ओढून घेते. एवढं एक पान लिहा, पेटीचा उल्लेखही नको. पुढे एकीला गोखलेनगरच्या पूरग्रस्त वसाहतीत जागा मिळू दे, दुसरी पेठेतच राहू दे. मग त्यांना भेटायला काहीतरी निमित्त लागेल, बारसं, आजारपण, घरपट्टीची पावती. आणि दर निमित्तामागे एक प्रकरण निघेल.

पूरग्रस्तांच्या खोल्यांचं भाडं किती होतं, असल्या शंकेपाशी थांबू नका. कंसात ‘तपासणे’ लिहून पुढे चला. शेवटचं पान होईपर्यंत पहिलं उघडायचं नाही. कंस नंतर ग्रंथालयात जुन्या दैनिकांच्या फायली घेऊन एकदम निकालात काढता येतात.

खर्डा झाला की महिनाभर त्याचं तोंड बघू नका. मग मोठ्याने वाचा. तुमच्या लिखाणात ‘सदर’ आणि ‘उपरोक्त’ फार येतात (बँकेची देणगी, दुसरं काय), ते तेव्हा कानाला टोचतील. वाचायला द्यायचं तर भिशीतल्या मैत्रिणीला नको, ती छानच म्हणणार. कार्यशाळेला जायचं तेव्हाच जा, हातात खर्डा घेऊन.

चोरीचं म्हणाल, तर कल्पनेवर कॉपीराइट नसतोच. १९५७ च्या कायद्याचं संरक्षण लिहिलेल्या मजकुराला आहे, आणि त्यासाठी नोंदणीही सक्तीची नाही. म्हणून प्रकाशकाकडे कल्पना ऐकवायला जाऊच नका. पूर्ण संहिता युनिकोडमध्ये टाइप करून, वर एका पानात कथानक, तेही शेवटासकट, जोडून पाठवा. टायपिंग जमत नसेल तर डीटीपीवाल्याकडून करून घ्या, पण मुद्रितं (प्रुफं) स्वतः तपासा. आणि एक प्रत घरी ठेवा.