रांगेत उभं राहायला शिकवलंत, आता बोलायलाही शिकवा

ताई, तुमची अडचण मला समजली ती अशी. तिसरीतल्या मुलाला तुम्ही नंबरानं उभं राहायला, 'प्लीज', 'थँक्यू' म्हणायला शिकवलंत. परवा पार्क चौकाजवळ पाणीपुरीच्या गाडीवर तो हातात नोट धरून उभा राहिला. त्याच्या डोक्यावरून मोठ्यांचे हात पुढं जात राहिले आणि शेवटी तो न खाताच परत आला. घरी यजमान म्हणाले, "घुसायला शिक, नाहीतर जग कच्चं खाईल." सासूबाई म्हणाल्या, "माझा गुणाचा बाळ, तू तसाच राहा." आणि पोरानं विचारलं, "मीच का?" यात बरोबर कोण, असं तुम्ही विचारलंय.

मला विचाराल तर त्या घरात सगळ्यात नेमकं पोरगंच बोललंय. त्याला थांबायला शिकवलं गेलं, पण "आता माझा नंबर आहे" हे खणखणीत आवाजात म्हणायला कुणी शिकवलं नाही. त्यामुळं चांगलं वागायचं म्हणजे आपलं ते सोडून द्यायचं, अशी त्याची समजूत झाली असणार. अशी समजूत झालेली मुलं काही वर्षं मनात कुढतात. मग आठवी-नववीत त्यांच्या लक्षात येतं की याचा काही फायदा नाही, आणि मग ती पार दुसऱ्या टोकाला जातात. वर्गातल्या दांडगट पोरांत एखादा तरी असा 'पूर्वी फार गुणी होता हो' निघतो.

माझी सगळी नोकरी सोलापुरात बँकेच्या कॅश काउंटरवर गेली. काचेच्या आतून रांग वेगळीच दिसते. बाहेरून वाटतं, घुसणारा माणूस मोठा धीट असणार. आतून त्याचे डोळे दिसतात. तो आधी अंदाज घेतो. कोण मोबाईलमध्ये आहे, कोण म्हातारं आहे, कुणाच्या पुढं पोरगं उभं आहे. मग "फक्त विचारायचंय ओ" म्हणत खांदा आत घालतो आणि हळूच पासबुक सरकवतो. त्या वेळी कुणी काही बोललं नाही, की त्याचं काम झालं. पण मागून एखादी बाई जरी म्हणाली, "ओ दादा, रांग हिकडून आहे," की लगेच आणखी पाच-सहा आवाज उठतात. म्हणजे ते पाच-सहा जण आधीपासून बघत होते, मनातल्या मनात चिडले होते, फक्त पहिलं कोण बोलतंय याची वाट बघत होते. आणि खरं सांगतो, आत बसलेल्यालाही तेच हवं असतं. कुणी हरकत घेतली की पासबुक परत सरकवायला आम्हाला तोंड मिळतं. आपणहून परत केलं तर "तुम्हाला काय करायचंय, कॅश द्या" ऐकावं लागतं.

२०१६ च्या नोव्हेंबरात नोटा बदलायच्या वेळी हे फार जवळून बघितलं. १० तारखेला बँका उघडल्या तेव्हा शटर वर जायच्या आधीपासून बाहेर गर्दी होती. एका माणसाला ४,००० रुपयांच्याच नोटा बदलून मिळणार आणि कॅश संपली की उद्या या, हे सगळ्यांना माहीत. रेटारेटी व्हायला आणखी काय लागतं? तरी ज्या दिवशी रांगेतल्याच एखाद्या माणसानं वहीचं पान फाडून नावं लिहायला घेतली, त्या दिवशी बाहेर आरडाओरडा कमी असायचा. ती नावं लिहिणारी माणसं काही दादा लोक नव्हती. कुणी रिटायर्ड मास्तर, कुणी विडी कारखान्यातली बाई. आवाज स्पष्ट, शिवी नाही, आणि सांगताना फक्त स्वतःचा नाही तर सगळ्यांचा नंबर सांगायची पद्धत. "तुम्ही अकरा, ह्या मावशी बारा, तुम्ही तेरा." त्यांचं लोक ऐकायचे.

हीच गोष्ट मी घरात पोरांना शिकवली आणि तुम्हालाही तीच सांगतोय. गाडीवर नुसतं "काका, मला द्या ना" म्हणालं की ती भुणभुण होते, कुणी लक्ष देत नाही. "अण्णा, आधी ह्या ताई, मग हे काका, मग मी" असं म्हणालं, की ताई आणि काका दोघंही आपसूक त्याच्या बाजूचे होतात, कारण त्यानं त्यांचाही नंबर राखलेला असतो. गाडीवाल्यालाही सोपं जातं. त्याला कोण आधी आलं हे खरंच आठवत नसतं. बिचारा पुऱ्या फोडेल, पाणी भरेल, सुट्टे पैसे देईल, की हजेरी घेईल?

जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेला होम मैदानावर गड्ड्याची जत्रा भरते, तिथं आमच्या दहा वर्षांच्या नातीनं हे करून दाखवलं. आकाशपाळण्याच्या तिकिटाला उभे होतो. एकजण कडेवर पोर घेऊन बाजूनं आला आणि सरळ खिडकीत हात घातला. ही म्हणाली, "काका, आधी ह्या आजी, मग ते दादा, मग आम्ही. तुम्ही आमच्या मागं या, मी जागा धरते." आवाज मोठा, पण चेहरा हसरा. तो गडबडला. "अगं, लेकरू रडतंय बघ," म्हणाला. रडत होतंच ते. हिनं वळून पुढच्या आजीला विचारलं, "आजी, ह्यांचं बाळ रडतंय, ह्यांना सोडायचं का?" आजी म्हणाली, "सोड की ग, लेकरू हाय." दादानंही मान डोलावली. मग तो माणूस पुढं गेला, जाताना हिला "थँक्यू बाळा" म्हणाला. मला आवडलं ते हे, की तिनं अडवलंही आणि सोडलंही, आणि सोडण्याआधी ज्यांचा नंबर जाणार होता त्यांना विचारलं. मी मागं फुटाणे खात उभा होतो, एक शब्द बोललो नाही.

आता यजमानांचं. त्यांना एकदम मोडीत काढू नका. बाप असं बोलतो तेव्हा त्याच्या पोटात भीती असते, पोराला कुणी तुडवेल याची. ती खोटी नाही. तेव्हा मुलाला हेही सांगून ठेवायचं, की समोरचा प्यालेला असेल, अंगावर येत असेल, शिवीगाळ करत असेल, तर एकही शब्द न बोलता मागं यायचं आणि मोठ्या माणसाला गाठायचं. पाणीपुरी उद्या मिळेल.

पण "घुस" म्हणून सांगण्यात एक मोठी गोची आहे. घुसणं हे अंगाच्या ताकदीवर चालतं आणि आठ वर्षांच्या पोराकडं ती नसते. मोठ्यांसमोर घुसता आलं नाही की ते आपल्यापेक्षा लहानांत घुसतं. मग शाळेतून चिठ्ठी येते.

लोक असं का वागतात, हेही त्याला सांगा, पण "वाईट लोक आहेत" असं सांगू नका. आपल्या गावात वर्षानुवर्षं नळाला काही दिवसांआड पाणी आलंय. टँकर आला की घागरी घेऊन पळावंच लागतं, मागं राहिलेल्याला रिकामं परतावं लागतं. एसटी स्टँडवर गाडी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल टाकतात, ते काय हौस म्हणून? पंढरपूरपर्यंत उभं राहून जायचं नसतं. जिथं वस्तू कमी आणि माणसं जास्त, तिथं रेटायची सवय अंगात भिनते आणि मग पाणीपुरी भरपूर असली तरी हात पुढं जातोच. हे पोरांना कळतं. कळलं की राग थोडा कमी होतो आणि "आम्ही सभ्य, बाकी सगळे अडाणी" हा ताठा येत नाही. हा ताठा मी फार बघितलाय. इंग्रजीतून 'एक्सक्यूज मी' म्हणणारा आणि शिपायाकडं न बघता पाण्याचा ग्लास मागणारा. त्यापेक्षा आपला रुमाल टाकणारा बरा, तो निदान गाडी सुटल्यावर शेजारच्याला शेंगा देतो.

मित्रांच्या नादानं तो "काय बे" म्हणायला लागलाय, असंही तुम्ही लिहिलंय. म्हणू द्या. सोलापुरात वाढतोय, गल्लीत क्रिकेट खेळताना "अरे मित्रा" म्हणाला तर बॅटिंगच मिळणार नाही. आजोबांना आणि रिक्षावाल्या काकांना तसं म्हणायचं नाही, एवढी रेघ आखून द्या. मुलं ती रेघ झटकन पकडतात.

त्यापेक्षा माझं लक्ष दुसऱ्या एका गोष्टीकडं असतं. आपल्या वाड्यांत, अपार्टमेंटमध्ये मराठी, कन्नड, तेलुगू, दखनी सगळं एकत्र चालतं. तेलुगूत "या, बसा" म्हणतानाचं आदराचं रूप आपल्या कानाला भलतंच ऐकू येतं आणि आपली पोरं फिदीफिदी हसतात, ती म्हातारी मात्र बिचारी प्रेमानं घरात बोलावत असते. तिथं मुलाला थांबवायचं. बाहेर आल्यावर त्याचा अर्थ सांगायचा आणि पुढच्या वेळी त्यालाच तसं म्हणायला लावायचं. म्हातारी जे खूश होते ते बघून हसू आपोआप बंद होतं.

बाकी घरातलं. इथं मी थोडा कडक बोलणार आहे, राग मानू नका. १९६१ साली अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँड्युरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन ते सहा वर्षांच्या ७२ मुलांवर एक प्रयोग केला. काही मुलांसमोर एका मोठ्या माणसानं हवा भरलेल्या बाहुल्याला बडवलं, वर काहीबाही बोलला. काहींसमोरचा मोठा माणूस शांतपणे दुसरी खेळणी खेळला. नंतर मुलांना त्या बाहुल्याजवळ सोडलं, तर पहिल्या गटातल्या बऱ्याच मुलांनी बाहुल्याला तसंच बडवलं, आणि शब्दसुद्धा तेच उचलले. दुसऱ्या गटात हे फार कमी दिसलं. कुणीही त्यांना "असं करा" म्हणालं नव्हतं.

आता सात रस्ता चौकातल्या सिग्नलला तुम्ही स्कूटरवर आहात, पोरगं मागं बसलंय, आडवा आलेल्या रिक्षावाल्याला तुम्ही किंवा यजमान जे बोलता, ते ते ऐकतंय. गॅस सिलिंडर वर आणून देणाऱ्याला "तिकडं ठेव" म्हणता की "दादा, तिकडं ठेवा" म्हणता, भांड्याला येणाऱ्या मावशींना उशीर झाला तर पहिलं वाक्य काय असतं, कस्टमर केअरच्या मुलीवर फोनवर कसे ओरडता. जो उलट बोलू शकत नाही त्याच्याशी आपण कसं बोलतो, ते पोर टिपून ठेवतं. पाहुण्यांसमोर "थँक्यू म्हण, म्हण ना, काय लाजतोस" असं दहा वेळा टोकून काही होत नाही, उलट चारचौघांत त्याची शोभा होते. तुम्हीच म्हणा थँक्यू, त्याच्या वतीनं. आज ना उद्या म्हणेल.

आणि पोराचं बोलणं मधेच तोडलं तर त्यालाही "सॉरी, बोल तू" म्हणा. लहान मुलाला सॉरी म्हटल्यानं मान जात नाही. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात आहे. वारीत एक जण पाया पडला की दुसराही वाकतो, तिथं वय बघत नाहीत, सात-आठ वर्षांचं पोरही 'माउली'च असतं.

एक गोष्ट मात्र वेगळी काढून सांगतो. नम्रपणाच्या नावाखाली "मोठ्यांचं सगळं ऐकायचं" हे डोक्यात घालू नका. कुणी ओढून मांडीवर बसवत असेल, पापा घेत असेल आणि त्याला नको असेल, तर "नको" म्हणणं हा उद्धटपणा नाही, हे तुमच्या तोंडून त्यानं ऐकलं पाहिजे, तेही त्या नातेवाइकांसमोर. काही वेडंवाकडं घडलं तर १०९८ हा मुलांसाठीचा हेल्पलाइन नंबर आहे, तो पाठ करून घ्या.

तर आता काय करायचं? आधी घरी दोन-तीन संध्याकाळ नाटक करा. ओट्यापाशी गाडी लावा, यजमान गाडीवाले, तुम्ही रांगेत, पोरगं तुमच्या मागं. घुसायचं काम सासूबाईंना द्या, त्या मन लावून करतील. पोराला वाक्य ठरवून द्या, आवाज पोटातून काढायला सांगा, समोरच्याच्या डोळ्यांत बघायला सांगा. हसू आलं तर येऊ द्या. मग त्याच गाडीवर घेऊन जा, गर्दीच्या वेळी नको, पाचच्या सुमाराला. पैसे त्याच्या हातात द्या आणि तुम्ही दोन पावलं मागं थांबा. पहिल्या वेळी त्याचा आवाज फुटणार नाही. तेव्हा पुढं होऊन ऑर्डर देऊ नका, यजमानांनाही देऊ देऊ नका, हेच सगळ्यात अवघड जाईल. त्यानं वळून बघितलं तर नुसती मान हलवा.